जॅकवर भागतंय म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या धाकट्या पुतण्याने अमेरिकेतल्या आपल्या घरी, गाड्या ठेवायच्या खोलीत, मोटार उचलायची लिफ्ट बसवली. घरच्या व्हॉट्सॲप गटावर त्याने फोटो टाकले. जमिनीला बोल्टांनी जखडलेले दोन निळे खांब, त्यांना चार लोखंडी हात, आणि त्या हातांवर डोक्याच्याही वर उचललेली मोटार. खाली पुतण्या ताठ उभा राहून ऑइल बदलतोय. फोटोखाली कौतुकाचा पाऊस पडला आणि तो योग्यच होता. पोरानं आधी जमिनीच्या काँक्रीटची जाडी तपासली, माहितीपुस्तक पानन् पान वाचलं, आणि बसवून झाल्यावर काही दिवसांनी बोल्ट पुन्हा आवळून पाहिले. शिकलेल्या माणसानं काम असंच करावं.

मी त्या फोटोखाली एवढंच लिहिलं, की असलं एखादं यंत्र आपल्या वैरागच्या मिस्त्रीकडे हवं.

झालं! पुण्याच्या भाऊजींनी हसणारे चेहरे पाठवले. एका भाच्यानं लिहिलं, "मामी, वैरागला लिफ्ट कशाला? तिथं जॅकवर भागतंय की." दुसऱ्यानं विचारलं, "त्याला परवडणार कशी?" आणि आमच्या एका जावयांनी फार नम्रपणे सुचवलं, की विषय जरा तांत्रिक आहे, आणि आपण तर मराठीच्या बाई.

जावयांचा मान राखूनच पुढचं लिहिते आहे. गटावर लांब लिहिलं की कोणी वाचत नाही, म्हणून इथं सविस्तर.

प्रथम शब्दाबद्दल, कारण तो माझ्या विषयातला आहे. पुतण्याच्या तोंडी 'गॅरेज' म्हणजे मोटारीची खोली. आमच्याकडे 'ग्यारेज' म्हणजे मोटार दुरुस्त करायची जागा. शब्द एकच, पण पुतण्याकडे त्यात गाडी राहते आणि आमच्याकडे त्यात माणूस राबतो. वैरागात, बार्शीत, माढ्यात, मोहोळात अशी कितीतरी ग्यारेजं घरालाच लागून असतात. मागं दोन खोल्यांत संसार, पुढं पत्र्याचं छप्पर, खाली ऑइल पिऊन काळा झालेला मुरूम. मी ज्या मिस्त्रीबद्दल बोलते तो माझा विद्यार्थी. आयटीआय केलेला, हाताला गुण असलेला, आणि चाळिशीतच कमरेला पट्टा बांधून हिंडणारा. घरातल्या ग्यारेजात लिफ्ट बसवावी की नाही हा पुतण्यापुढं हौसेचा प्रश्न होता. या माझ्या विद्यार्थ्यापुढं तो पाठीच्या कण्याचा प्रश्न आहे.

'जॅकवर भागतं' म्हणजे काय होतं, हे गाडीत बसणाऱ्यानं एकदा खाली वाकून पाहावं. मी पाहिलं आहे. बाटलीसारखा जॅक लावून गाडीची एक बाजू उचलतात. मिस्त्री पोतं किंवा जुनं फ्लेक्स अंथरतो, पाठीवर झोपतो आणि सरपटत आत जातो. तोंडाच्या वर वीतभर अंतरावर गाडीचं पोट. नट खोलताना हात वर, मान उचललेली, डोळ्यांत गंज आणि माती पडते. पाना हातातून सुटला तर कपाळावर. गरम ऑइल कोपरापर्यंत ओघळतं. हे दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षं.

आणि वर तोललेली गाडी कशावर उभी असते? तर तळहाताएवढ्या बुडाच्या जॅकवर. आता यातलं तांत्रिक सांगते. जॅक हे उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. बाटली जॅकमध्ये वजन तेलावर तोललेलं असतं आणि तेल अडवून धरतात एक रबरी सील आणि एक झडप. सील झिजलं की गाडी हळूहळू बसते, कधी एकदम बसते. बूड मुरमात रुततं, कलतं. बहुतेक मोटारींचा हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, त्यामुळं मागची बाजू उचलली की तो असून नसल्यासारखा. अशात मिस्त्री आतून गंजलेल्या नटाला हिसका देतो, म्हणजे वरचं सगळं ओझं स्वतःच हलवतो. आपल्या गाडीबरोबर कंपनी चाक बदलायला जो जॅक देते, त्याच्यावर किंवा गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं, की हा लावून गाडीखाली जाऊ नये. पुस्तक डिकीत पडून असतं. वाचतो कोण!

शहाणा मिस्त्री जॅकने उचलून खाली लोखंडी स्टँड लावतो. त्यानं जीव वाचतो, पाठ वाचत नाही. आणि स्टँड नसले तर दगड, विटा, लाकडाचा ओंडका, नाहीतर काढलेलं चाक आडवं टाकून ठेवतात. वीट वाकत नाही, इशारा देत नाही. फुटते तेव्हा एकदम फुटते. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्याच भागातल्या एका ग्यारेजात जॅक सरकला. खाली हाताखालचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता. काढलेलं चाक शेजारी आडवं होतं, त्यावर गाडी अडली म्हणून तो वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी त्याला आठवीत शिकवलेलं नाही, पण त्याच्या आईला शिकवलं होतं. ती मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, देवानं राखलं." मी तिच्यापुढं काही बोलले नाही. पण देवावर सोपवायचं तर मग आपण शाळा कशाला काढल्या?

लिफ्टमध्ये वेगळं काय, तेही सांगते. चार हात गाडीखाली ठरलेल्या जागी लागतात. मोटार तेल दाबते आणि गाडी वर चढते. चढताना 'खट् खट्' असा आवाज येतो. खांबाच्या आत दाते असतात आणि दर काही इंचांवर एक पोलादी खीळ त्यांत पडत जाते, तिचा तो आवाज. हवी ती उंची आली की गाडी किंचित खाली घेऊन त्या खिळींवर टेकवायची. यापुढं वजन तेलावर नसतं, पोलादावर असतं. तेल गळलं, नळी फुटली तरी गाडी जागच्या जागी. लिफ्टवरूनही गाडी पडू शकते, हात चुकीच्या जागी लावले किंवा खालची जमीन कच्ची असली तर. म्हणून ती शिकून वापरायची असते. पण शिकून टाळता येणारा धोका आणि रोज नशिबावर टाकलेला धोका, यांत फरक आहे की नाही?

कोणी म्हणेल, मग खड्डा करा. एसटीच्या आगारात असतो तसा. खड्डा बसगाड्यांना ठीक. मोटारीच्या कामाला तो अर्धाच. खड्ड्यावर गाडी आपल्या चाकांवरच उभी असते, म्हणून चाक काढून करायची कामं, ब्रेक, शॉकॲब्सॉर्बर, त्यावर नीट होत नाहीत. पावसाळ्यात पाणी साचतं. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती खड्ड्यात उतरून बसते. एका ठिणगीचं काम.

आता जावयांच्या मुद्द्याकडे येते. मी मराठीची बाई, मला लिफ्टमधलं काय कळतं? मला ओट्यातलं कळतं, जावईबापू. आणि ओटा व लिफ्ट ही सख्खी भावंडं आहेत.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा चूल जमिनीवर होती. भाकरी उकिडवं बसून थापायची, पाट्यावर वाटण ओणवं होऊन वाटायचं, उठायचं, घागर आणायची, पुन्हा बसायचं. माझ्या सासूबाई पन्नाशीत गुडघ्यांवर हात ठेवून उठत. मी शाळेतून येऊन तेच करायची. पुढं गॅस आला तेव्हा घरात ओटा बांधायचा विषय निघाला. त्या वेळी घरातले पुरुष काय म्हणाले? "चुलीवर भागतंय की!" "बसून काम केलं की शरीराला व्यायाम होतो." "उभ्यानं स्वयंपाक करायची आपल्यात पद्धत नाही." "एवढा खर्च कशाला?" शब्दन् शब्द आठवतो. आज त्याच घरांतल्या मुलांना ओट्याशिवाय स्वयंपाकघर असू शकतं हे माहीत नाही. ओट्यानं भाकरीची चव बिघडली नाही. सासूबाईंच्या नंतरच्या बायकांचे गुडघे मात्र थोडे जास्त टिकले.

'भागतंय' हा शब्द नीट पाहा. तो उच्चारणारा माणूस सहसा ते काम करणारा नसतो. चुलीवर भागतंय असं चुलीपुढं बसलेली बाई म्हणत नव्हती. जॅकवर भागतंय असं गाडीखाली झोपलेला माणूस म्हणत नाही. आणि म्हणालाच तर परवडत नाही म्हणून म्हणतो. माझा विद्यार्थीच म्हणाला, "होतंय की बाई जॅकवर. पाठ तेवढी धरती." त्याच्या या 'तेवढी'ची किंमत कोण मोजणार?

काम माणसाच्या उंचीला आणायचं, माणसाला कामाच्या खोलीला न्यायचं नाही. इतकी साधी ही गोष्ट आहे. आणि ती नवीनही नाही. मोटार उचलायची हायड्रॉलिक लिफ्ट १९२५ साली अमेरिकेत मेम्फिस गावच्या पीटर लुनाटी या मेकॅनिकने काढली. त्याला ती कशावरून सुचली म्हणतात, ठाऊक आहे? न्हाव्याच्या खुर्चीवरून! खालचा दांडा दाबला की गिऱ्हाईक वर उचलणारी ती खुर्ची. माणूस असा उचलता येतो तर मोटार का नाही, असं त्याला वाटलं. त्याला शंभर वर्षं होऊन गेली.

आता आपलं गाव पाहा. माझ्या लहानपणी नाभिक झाडाखाली उकिडवा बसून हजामत करायचा. आज वैरागच्या सलूनमध्ये वरखाली होणाऱ्या, फिरणाऱ्या खुर्च्या आहेत आणि कारागीर ताठ उभा राहून काम करतो. छान झालं. म्हणजे ज्या खुर्चीवरून लिफ्ट सुचली ती खुर्ची वैरागात पोचली, आणि तिच्यावरून सुचलेली लिफ्ट मी पाहिलेल्या ग्यारेजांत अजून आली नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली बघा. खडी, वाळू, शेणखत ओतायला ती हायड्रॉलिकने आपोआप उलटते. मातीला हायड्रॉलिक, दाढीला हायड्रॉलिक. शाळेच्या विज्ञानाच्या तासाला पास्कलचा नियम शिकवतात तेव्हा फळ्यावर मोटार उचलायच्या यंत्राचंच चित्र काढतात. पास्कल सतराव्या शतकातला. शेजारच्या वर्गात मराठी शिकवताना तो नियम मी इतक्यांदा ऐकला, की मलाही पाठ झाला. ज्या मुलांनी ते चित्र वहीत काढून गुण मिळवले, त्यांतलीच काही आज विटांवर गाडी ठेवून खाली झोपतात.

आता एकेका आक्षेपाचं बघू.

पहिला आक्षेप, वैरागच्या घरात ती बसणार कुठं? हा आक्षेप खरा आहे आणि याचा नीट विचार केलाच पाहिजे. दोन खांबांच्या लिफ्टला उंची लागते. गाडी पाच फुटांची धरली आणि खाली माणसाला उभं राहायला सहा फूट, तर पत्रा बारा फुटांवर हवा. उंच गाड्यांसाठी आणखी वर. म्हणजे पत्र्याचं छप्पर उंच करावं लागणार. जमीन त्याहून महत्त्वाची. आपल्या भागाची माती काळी. ज्वारीला सोन्यासारखी आणि बांधकामाला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. शहाबादी फरशीवर किंवा नुसत्या कोब्यावर बोल्ट मारून लिफ्ट उभी केली तर ती लिफ्ट नव्हे, सापळा. काळी माती काढून खाली पक्का मुरूम लागेपर्यंत जायचं, भराव ठोकून घ्यायचा, वर कंपनी सांगेल त्या जाडीचं (साधारण चार ते सहा इंच) चांगल्या प्रतीचं काँक्रीट टाकायचं, अट्ठावीस दिवस पाणी मारायचं आणि मगच बोल्ट. हे गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये, इंजिनिअरला दाखवावं. आपल्या तालुक्यात विहिरी, बोअर, शेततळी, दुमजली बंगले बांधले जातात. दहा बाय पंधराचा एक ओटा धड बांधता येणार नाही, हे मला कोणी पटवू नये. छप्पर उंच होतच नसेल तर कात्रीसारखी उघडणारी बुटकी लिफ्ट असते. ती गाडी कमरेइतकी उचलते. स्टुलावर बसून काम करता येतं. झोपण्यापेक्षा बसणं बरं.

दुसरा आक्षेप, विजेचा. लाइट गेली तर? गाडी वर राहते, पडत नाही. ती खिळींवर टेकलेली असते. लाइट येईपर्यंत फार तर चहा प्यावा. मोटार दोन-तीन हॉर्सपॉवरची, म्हणजे गिरणीपेक्षाही लहान. बोअरचे पंप चालतात त्या गावात ही चालेल.

तिसरा आक्षेप, परवडण्याचा. इथं पाटी-पेन्सिल घेऊन बसू. लिफ्ट, खालचं काँक्रीट, छपराची उंची आणि वायरिंग मिळून पावणेदोन लाख खर्च धरू. कमीजास्त होईल, हिशेब कळण्यापुरतं. कर्ज तीन वर्षांचं, व्याज बारा टक्के. हप्ता महिन्याला सुमारे ५,८०० रुपये. गाडीखाली जाऊन करायची कामं दिवसाला दोन धरली आणि महिन्याचे पंचवीस दिवस, तर पन्नास कामं. एका कामामागं आले ११६ रुपये. म्हणजे आपण प्रत्येकानं गाडीखालच्या कामाला सव्वाशे रुपये जादा मोजले तर तीन वर्षांत लिफ्ट फिटली. शिवाय झोपून दोन तासांत होणारं काम उभ्यानं लवकर होतं, ते मी धरलेलंच नाही.

सव्वाशे रुपये! आपण गाडीच्या मागच्या काचेवर नाव रंगवायला याहून जास्त देतो.

आणि आता नातेवाईक मंडळी, तुमच्याकडे वळते. राग आला तरी चालेल. दिवाळीत, जत्रेला, लग्नाला तुम्ही पुण्याहून, सोलापूरहून गाड्या घेऊन येता. येताना ठरवूनच येता, की "ब्रेकचं काम आणि ऑइल गावातच करून घेऊ, तिथं स्वस्तात होतं." शहरातल्या मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये काचेच्या खोलीत बसता, फुकटची कॉफी पिता आणि मजुरीचा जो आकडा छापून येतो तो निमूट भरता. त्या आकड्यात लिफ्टचा हप्ता धरलेला असतो बरं का! तिथं कोणी म्हणत नाही, "साहेब, शंभर कमी करा." वैरागात मात्र मिस्त्री पाचशे म्हणाला की तुम्ही "तीनशे घे, घरचेच आहोत" म्हणता आणि मग ती गंमत म्हणून जेवताना सांगता. गावात स्वस्त होतं ते का, याचा कधी विचार केला? जागा घरची, बायकापोरांची मदत बिनपगारी, आणि लिफ्टच्या जागी त्याची पाठ. तुमचे दोनशे रुपये वाचतात ते त्या पाठीतून. घरचेच आहात ना? मग घरच्यासारखे वागा.

चौथा आक्षेप सरकारवर ढकलण्याचा. "सरकारनं काहीतरी करायला पाहिजे." बघू सरकारनं काय केलंय ते. उचलायच्या यंत्रांचा विचार आपल्या कायद्यानं फार पूर्वी केला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात अशा यंत्रांची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासणी करण्याची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या सुरक्षा व आरोग्य संहितेनं घेतली. तिच्यात वीज वापरणारा कारखाना म्हणजे वीस किंवा जास्त कामगारांचा. आमच्या मिस्त्रीकडे तो स्वतः आणि दोन पोरं. कायद्याच्या लेखी तो कारखानाच नाही. त्याच्या पाठीवर तपासनीस येणार नाही हे एका परीनं बरं, पण त्याची पाठ बघायलाही कोणी येणार नाही.

कर्जाचं म्हणाल तर १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. चांगली योजना. अवजारांसाठी पंधरा हजार, पाच टक्के व्याजानं दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. अठरा व्यवसाय आहेत तिच्यात. लोहार, सुतार, कुंभार, नाभिक, शिंपी, गवंडी, कुलूप करणारेसुद्धा. मोटार मेकॅनिक नाही. आज खेड्यात बैलगाडीच्या धावेपेक्षा दुचाकीचे आणि जीपचे टायर जास्त. पण कारागिराची यादी करताना अजून आपल्या डोळ्यांपुढं भाता आणि ऐरणच येते. त्यांचा मान आहेच. पण पाना धरणारा हात कारागिराचा नाही काय? रोजगारनिर्मितीच्या दुसऱ्या केंद्रीय योजनेत, पीएमईजीपीत, अनुदान आहे, पण ते नवा उद्योग काढणाऱ्याला. पंधरा वर्षं इमानानं धंदा चालवणाऱ्याला पहिल्यांदा लिफ्ट घ्यायची तर तो त्या दारातून आत जात नाही. राहतं मुद्रा कर्ज. ते तारणाशिवाय मिळावं असा नियम आहे. माझा विद्यार्थी एका बँकेत गेला. साहेबांनी विचारलं, "जागा तुमच्या नावावर आहे का? लिफ्ट जप्त करायची वेळ आली तर आम्ही ती उपटून कुठं ठेवू?" पोरगा हसत परत आला. मला मात्र हसू आलं नाही. त्याच बँका मोटार घ्यायला तासाभरात कर्ज देतात. म्हणजे मोटार विकत घ्यायला कर्ज आहे आणि ती दुरुस्त करणाऱ्याला ती उचलायला नाही.

तर माझं म्हणणं असं आहे. विश्वकर्मा योजनेच्या यादीत मोटार मेकॅनिकचं नाव आलं पाहिजे आणि अवजारांच्या पैशांतून निदान चार चांगले स्टँड मिळाले पाहिजेत. नगरपंचायतीनं गावात एखादी सामाईक लिफ्ट उभी करायला काय हरकत आहे? गावात सामाईक मळणी यंत्रं चालली, सामाईक पाणी चाललं. तीन-चार मिस्त्री मिळून तासावर भाडं देतील आणि आळीपाळीनं वापरतील. पतसंस्था लग्नाला कर्ज देतात, बुलेटला देतात; एकदा लिफ्टला देऊन बघावं.

आणि हे सगळं होईपर्यंत आपण काय करायचं? गाडी दुरुस्तीला नेली की ती टाकून चहाला जाऊ नका. मिस्त्री नुसत्या जॅकवर खाली शिरायला लागला तर "थांब, आधी स्टँड लाव, चाकांना ओट लाव" असं म्हणा. घाई करू नका. घाई गिऱ्हाईकाची असते आणि अंगावर त्याच्या येते. स्टँड नसतील तर "एवढ्यानं काय होतंय" म्हणू नका, काम दुसऱ्या दिवशी करा. चार स्टँड घ्यायला त्याला आगाऊ पैसे द्या आणि मजुरीतून वळते करून घ्या. हाताखाली शाळेच्या वयाचं पोरगं असेल तर ते गाडीखाली जाणार नाही असं बजावा, आणि ते शाळेत का नाही हेही विचारा. मजुरीत घासाघीस करू नका. हे सांगायला तांत्रिक ज्ञान लागत नाही.

पुतण्याला मी फोन केला होता. त्याच्या लिफ्टचं माहितीपुस्तक त्यानं पाठवलंय. त्यातले सुरक्षिततेचे नियम मी साध्या मराठीत उतरवते आहे. एक पान झालं की छापून इथल्या ग्यारेजांत भिंतीला लावणार आहे. लिफ्ट येईल तेव्हा येईल, जॅक आणि स्टँडचे नियम तर आजच उपयोगी आहेत. मराठीच्या बाईला एवढं जमेल असं वाटतं.

आपली मतं जरूर कळवा. विरोधी असली तरी चालतील, उत्तर द्यायला मला वेळच वेळ आहे.